क्योतोच्या पोलिसांचं पंचांग

ऐकलंत का? क्योतोचे पोलीस म्हणे भविष्य बघतात! काहीतरीच काय, म्हणून उडवून लावू नका. २०१६ च्या ऑक्टोबरपासून राजरोस चाललंय. एनईसी कंपनीच्या मदतीनं उभी केलेली ती यंत्रणा त्याआधीच्या दहा वर्षांतले लाखभर गुन्हे पोटात घालून बसली. कुठल्या वस्तीत, कुठल्या वेळी चोरी किंवा विनयभंग होण्याचा संभव, ते नकाशावर रंगवून दाखवते आणि गस्तीचे शिपाई तिकडे निघतात. अख्ख्या जपानात पहिला मान क्योतोचा. मिरवणार नाहीत तर काय!

तसं या शहराला हे वेड नवं नाही. हजार वर्षांपूर्वी तिथल्या दरबारात ओन्म्योजी, म्हणजे सरकारी पगारी ज्योतिषी होते. आबे नो सेइमेइ त्यांच्यातले नामांकित. त्यांचं देऊळ आजही शहरात आहे. सरदार मंडळी आपल्या दिशाशूलासारखा प्रकार इतक्या काटेकोरपणे पाळायची, की जायचं ठिकाण वाईट दिशेला आलं तर आदल्या रात्री भलत्याच घरी मुक्काम ठोकायची. तिथून निघालं की दिशा बदलली, झालं शुद्धीकरण! ईशान्य अशुभ, म्हणून राखणीला हिएइ डोंगरावरचं एन्र्याकुजी मंदिर. तेव्हा वाईट दिशा टाळायचे. आता शिपायाला मुद्दाम तिकडंच पिटाळतात.

अगदीच भाकडकथा नाही हं. एकदा घरफोडी झाली की आसपास थोड्याच दिवसांत पुन्हा होण्याचा धोका वाढतो, हे गुन्हेशास्त्रवाल्यांना अनेक देशांत दिसलंय. चोरालाही ओळखीची गल्ली बरी वाटते. पण यंत्राला कळतात ते फक्त नोंदलेले गुन्हे. जिथं पोलीस जास्त फिरतात तिथं जास्त सापडतं. सापडलं की नकाशा आणखी लाल. लाल दिसतं म्हणून पुन्हा पोलीस तिथंच. अमेरिकेतल्या सांता क्रूझनं २०११ मध्ये हे खूळ हौसेनं घरात घेतलं आणि २०२० मध्ये बंदी घालून घराबाहेर काढलं. आम्ही कशाला मागे राहतो? २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ उभं राहिलंच, पोलिसांना कृत्रिम बुद्धी पुरवायला.

पण क्योतोची खरी कमाल पुढंच आहे. पोलिसांनी उठसूट आपला फोटो काढू नये, हा जपानी माणसाचा हक्क जन्मला याच क्योतोच्या रस्त्यावर! जून १९६२, विद्यार्थ्यांचा मोर्चा. पोलीस फोटो काढतोय म्हटल्यावर एकाचं डोकं फिरलं आणि त्यानं झेंड्याच्या काठीचा टोला पोलिसाच्या हनुवटीवर हाणला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ डिसेंबर १९६९ ला निकाल: संमतीवाचून चेहऱ्याचा फोटो काढला जाऊ नये, हे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, सबळ कारणाशिवाय पोलिसांनी तसं करणं राज्यघटनेच्या कलम १३ च्या हेतूविरुद्ध. वा! पण मोर्चानं परवानगीच्या अटी मोडल्या होत्या, पुरावा तिथंच टिपायला हवा होता, म्हणून हा फोटो कायदेशीर. हक्क मिळाला सगळ्या जपानला, शिक्षा कायम राहिली काठीवाल्याची. आता बोला!

आणि त्याच शहरात, गिओनच्या खासगी गल्ल्यांत, गेइशांच्या मागे मोबाइल रोखून धावणाऱ्या पर्यटकांना वैतागून रहिवाशांनी २०१९ मध्ये पाट्या लावल्या: परवानगीवाचून फोटो काढाल तर दहा हजार येन मोजा. पोलिसांच्या कॅमेऱ्यांना काय दर, ते विचारायला जाईल असा काठीवाला मात्र आता कुणी दिसत नाही.