चौदा रुपये युनिट

अहो वहिनी, थांबा जरा, कढीलिंब तोडून देते. हातात काय, लाइटबिल का? बघू. अगं बाई, छतावर सोलर बसल्यापासून तुमचं बिल म्हणजे नुसता स्थिर आकारच राहिलाय की! तीन किलोवॉटला सरकारची सबसिडी ७८ हजार ना? टोमणा नाही हो मारत. पण आमच्या मावशींचं ऐका.

काल भांडी घासता घासता त्यांनी कमरेची चिठ्ठी काढली. घरमालकानं पेन्सिलीनं लिहिलेली : ७० युनिट, ९८० रुपये. म्हटलं, एक पंखा, दोन दिवे, टीव्ही नि तो जुना फ्रीज, त्याचे एवढे? तर म्हणे आठ खोल्यांत मीटर एकच, बाकी सगळे सबमीटर! सगळ्यांचे मिळून साडेपाचशेच्या वर युनिट होतात. मग शंभरच्या आतला स्वस्त दर कुणाच्या वाट्याला येतो? पुढचे दर दुपटीच्या घरात, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. तेही वहन आकार, स्थिर आकार धरून! मालक सरसकट १४ रुपये लावतो. ह्यांना कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं मी. मावशींचं स्वतःचं मीटर असतं तर साडेसहाशेच्या आसपास भागलं असतं.

ह्यांचं आपलं एकच, ‘शुल्काची टक्केवारी सगळ्यांना सारखीच.’ सारखीच हो! पण मावशी महिन्याला नऊ हजार मिळवतात. आमच्याकडे एसी लागतो, तरी बिल भरताना ह्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही.

मावशींचा मुलगा सेकंडहँड स्कूटरवर पार्सलं पोचवतो. पेट्रोल जीएसटीत नाहीच. राज्याचा व्हॅट २५ टक्के, शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे. केंद्राचं निराळंच. आणि समोरच्या बंगल्यात विजेवरची गाडी आली, तिला रस्त्याचा कर माफ! केवढ्याची म्हणाल तर... जाऊ दे, भिंतीला कान असतात.

वेगळं मीटर घ्या म्हणून मावशींना सांगितलं हो मी. पण भाडेकरार कागदावर नाही, मालकाची ना-हरकत हवी. तो कशाला देतोय?

हा घ्या कढीलिंब. आणि वहिनी, मावशी येतायत कोपऱ्यावरून. ते बिल तेवढं आत ठेवा.