शून्यकाका

आमच्या गल्लीत कुणाला ताप आला तर शून्यकाकांकडून थर्मामीटर मागायचा नाही, असा अलिखित नियम आहे. ते थर्मामीटर नुसता देत नाहीत, सोबत येतात. आधी स्वतःच्या काखेत लावतात, मग घरातल्या एकेका धडधाकट माणसाच्या. आजाऱ्याचा नंबर येईपर्यंत त्याला घाम फुटून ताप उतरलेला असतो. स्वतःच्या पोराच्या वेळी काकू शेवटी म्हणाल्या होत्या, “अहो, ताप पोराला आलाय, थर्मामीटरला नाही!”

दोष काकांचा नाही, पेशाचा आहे. काका लिडार जुळवतात. हवेतली धूळ आणि धूर मोजायचं हे यंत्र. विहिरीत ओरडल्यावर आवाज परत यावा, तसं ते आकाशात लेझरचा ठिपका सोडतं आणि परत येणारा उजेड दुर्बिणीत झेलतं. एका मायक्रोसेकंदात परत आला, तर धूळ दीडशे मीटरवर. एवढं ऐकून आपण “वा!” म्हणावं, तर काका म्हणतात, “थांब बे, अजून शून्य कुठं काढलंय?”

मग शून्य निघतं. आधी दुर्बिणीला झाकण, वर घडी घालून सोलापुरी चादर. एवढ्या अंधारातही यंत्र काहीतरी आकडा दाखवतंच. तो वजा करायचा. मग निरभ्र रात्री सहा-सात किलोमीटर उंचीवर, जिथं धूळ जवळजवळ नसते, तिथून येणारा उजेड पाहायचा. तो निव्वळ हवेच्या रेणूंचा. तापमान आणि दाब ठाऊक असले की तो किती यायला हवा, याचं गणित मांडता येतं. यंत्राचा आकडा त्याच्याशी जुळला की मग खाली उतरून धुळीकडे बघायचं. “यंत्र चुकतं, त्याचं काही नाही,” काका म्हणतात. “किती चुकतं, ते ठाऊक पाहिजे.”

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर परिसरात विमानानं ढगांत बीजारोपणाचा प्रयोग केला. पर्जन्यछायेतलं आमचं गाव; कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. जो तो विचारायचा, कुठल्या ढगात पेरलं? काका एकटेच विचारायचे, कुठले ढग न पेरता सोडले? ते सोडलेले ढगच त्यांना सख्खे. “त्यांच्याशिवाय पेरलेल्यांचा हिशेब लावणार कसा?”

गड्ड्याच्या यात्रेतही तसंच. शोभेच्या दारूकामाला सगळं गाव माना वर करून उभं, आणि काकांना हळहळ कशाची, तर आदल्या रात्री शून्य काढायला आभाळ स्वच्छ नव्हतं याची.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. काकांनी रिवाजाप्रमाणे आधी कडक भाकरीचा कोरा तुकडा चावला, पाणी प्यायले, मग आमटीचा भुरका मारला. “मीठ कमी आहे,” निकाल आला.

काकू वाटी घेऊन आत गेल्या. माझं पान स्वयंपाकघराच्या दारासमोर होतं, म्हणून दिसलं. मिठाच्या बरणीला त्यांनी हातही लावला नाही. चमच्यानं आमटी दोनदा ढवळली आणि वाटी परत आणून ठेवली.

“हां, आता बरोबर!” काका म्हणाले.

निघताना मी हळूच काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “यांची जीभ मीठ जरा कमीच दाखवते. लग्नापासून तेवढं धरूनच चालते मी.”