चौथाई, सरदेशमुखी आणि कोथिंबीर

काटकसर हा सद्गुण आहे असे सर्व नीतिग्रंथ एकमुखाने सांगत असले, तरी तो अंगी बाणलेल्या मनुष्यास शेजारीपाजारी सद्गुणी म्हणतात, असा अनुभव मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. सरकारी हिशेबतपासणीत हयात घालवून जयपूरच्या तिलक नगरात स्थायिक झालेला आणि वाण्याच्या पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवणारा हा मराठी गृहस्थ म्हणजे कृपणतेचा मूर्तिमंत आदर्श होय, याविषयी आमच्या गल्लीत दुमत नव्हते. परंतु मध्यंतरी पृथ्वीचे तापमान वाढले आणि त्याबरोबर माझी प्रतिष्ठाही वाढली. शेजारच्या घरातील महाविद्यालयीन कन्येने माझ्या दोऱ्याच्या गुंडीकडे आदराने पाहून “अंकलजी, आप तो बडे सस्टेनेबल हैं” असे उद्गार काढले, त्या दिवसापासून मी पर्यावरणाचा कैवारी ठरलो. रक्कम तीच होती. खतावणीतले खाते तेवढे बदलले.

वाणसामानातील काटकसरीचा श्रीगणेशा पिशवीपासून होतो. राजस्थान सरकारने 1 ऑगस्ट 2010 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने 2018 च्या मार्चमध्ये तसेच फर्मान काढले आणि एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिक वस्तूंवर केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून हत्यार उपसले. परंतु या तिन्ही हुकुमांचा अंमल आमच्या घरी ते निघण्यापूर्वीच सुरू झाला होता, कारण माझ्या नोकरीतील जुन्या विजारी सेवानिवृत्त न होता पिशव्यांच्या हुद्द्यावर पुनर्नियुक्त झालेल्या होत्या. एकाच विजारीचा डावा पाय बटाट्यांकडे आणि उजवा पालेभाजीकडे नेमून दिल्यामुळे जड भाजीखाली हलकी चिरडत नाही, आणि नाडी खांद्यावरून घेतली की दोन्ही हात घासाघीस करण्यास मोकळे राहतात.

घासाघिशीचे खाते मात्र सर्वस्वी आमच्या कुटुंबाकडे आहे. मराठ्यांनी अठराव्या शतकात ज्या मुलखावर हक्क सांगितला त्याच्या वसुलीपैकी 25 टक्के चौथाई आणि वर 10 टक्के सरदेशमुखी मागितली. जयपूर दरबाराकडे थकलेल्या खंडणीचा तगादा लावण्यासाठी तर खुद्द महादजी शिंदे चालून आले, आणि 1787 साली लालसोटजवळ तुंगा येथे लढाई होऊन त्यांना रिकाम्या हाताने माघार घ्यावी लागली. लालसोटचे ते अपयश लाल कोठीच्या भाजीबाजारात धुऊन काढण्याचा विडा आमच्या सौभाग्यवतींनी उचललेला असावा, अशी माझी खात्री होत चालली आहे. भाजीवाल्याने सांगितलेल्या भावातून त्या प्रथम चौथाई वळती करून घेतात. तोलून झाल्यावर मूठभर कोथिंबीर आणि चार हिरव्या मिरच्या फुकट घेतात, ती सरदेशमुखी. “माताजी, इत्ते में तो मुहाना मंडी में भी कोनी मिले!” असा आक्रोश तो दर वेळी करतो आणि दर वेळी देतो. कारण ही स्वारी दिवेलागणीस निघते, आणि दिवसभर उन्हात कोमेजलेला पालक, वाकलेली काकडी व कुणीही हाती न धरलेले कुबड्या अंगाचे गाजर यांना त्या वेळी दुसरा वाली नसतो. हा माल उकिरड्यावर जाण्याऐवजी आमच्या पिशवीत येतो, भाजीवाल्याच्या गाठी चार पैसे पडतात, आणि चिरून फोडणीस टाकल्यावर काकडी पूर्वायुष्यात सरळ होती की वाकडी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

काटकसरीचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे या नगरीचे ऊन. पुण्याच्या आप्तांना त्याची कीव येते. मला मात्र मे महिन्यात 45 अंशांपर्यंत चढणारा पारा पाहून, कोणतेही देयक न पाठविणाऱ्या वीज कंपनीने उत्पादन वाढविल्यासारखे वाटते. मारवाडी माणसाने केर आणि सांगरी वाळवून अनेक दुष्काळ पचविले आहेत. ज्या खेजडीच्या शेंगांची ही सांगरी होते, ती आपलीच शमी. मात्र एके काळी गरिबांना तारणाऱ्या सांगरीचा भाव हल्ली बदामाकडे डोळे वटारून पाहतो. म्हणून आम्ही तिला दुरून नमस्कार करून, स्वस्ताईच्या दिवसांतील मेथी आणि गवार गच्चीवर वाळवतो, आणि उन्हाळ्यात कोहळ्याचे सांडगे घालून वर्षाची बेगमी करतो. हवा कोरडी असल्यामुळे वाळवणाला बुरशी लागण्याची भीतीच उरत नाही. त्याच गच्चीवर आमची सूर्यचूल आहे. आतून काळा रंग दिलेली पेटी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा एवढ्या सामग्रीवर डाळभात निमूटपणे शिजतो व गॅसची टाकी लांबते. वैगुण्य एकच : जयपूरची माकडे. त्यांना डाळीपेक्षा आरशाचे आकर्षण अधिक असून, एखादे प्रौढ माकड आपल्या मुखचंद्राच्या अवलोकनात गढून गेले की त्याची सावली डब्यांवर पडून डाळ कच्ची राहते. त्यामुळे तेथे पहारा ठेवणे भाग पडले.

तिसरा विभाग सालींचा. दोडक्याच्या शिरांची चटणी, फुलकोबीच्या दांड्यांची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराचे थालीपीठ हे आपले जुनेच वैभव. मी त्यात मटारच्या टरफलांची भर घातली, ज्यांचा आतला चिवट पापुद्रा सोलून काढल्यास उरलेल्या भागाची उत्तम भाजी होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले, त्यातील 60 टक्के घराघरांतून, म्हणजे दरडोई 79 किलो, ही माहिती मी घरात गंभीरपणे वाचून दाखविली, त्यावर “तुमच्या राज्यात 79 तोळे वाया घालवून दाखवा!” असे उत्तर मिळाले. खरी तक्रार निराळ्याच दिशेने आली. जयपुरात पहिली पोळी गाईची, आणि सालींवर तर तिचा वंशपरंपरागत हक्क. आमच्या दाराशी नित्य येणारी गाय चार दिवस रिकाम्या घमेल्याकडे पाहून पाचव्या दिवशी फाटकातच ठाण मांडून बसली. इनामदाराचे इनाम खालसा झाल्यावर त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटत असेल, तो तिच्या मुखावर स्पष्ट होता, आणि गल्लीची सहानुभूती एकजात तिच्या बाजूस होती. अखेर दुधीच्या आणि केळ्याच्या साली तिला कायमच्या तोडून दिल्या. पर्यावरणही राखले गेले आणि गल्लीत माझे तोंड दाखविण्यास जागा राहिली.

31 मार्चला मी सालाबादप्रमाणे कीर्द मिटवून, शिल्लक रकमेखाली दुहेरी रेघ ओढून ती कुटुंबाच्या अवलोकनार्थ सादर केली. त्यांनी चष्मा लावला. चौथाईची बचत, सूर्याची बचत, सालींची बचत या बाबी त्यांनी न बोलता मंजूर केल्या आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले.

“अहो, हा आस्थापना खर्च शून्य कसा?”

घरात नोकरचाकर नसल्यामुळे, असे मी अभिमानाने निवेदन केले.

“मटार कोणी सोलले? टरफलांचे पापुद्रे कोणी काढले? भर दुपारी गच्चीवर काठी घेऊन माकडांपुढे कोण उभे राहिले?”

गृहकृत्यांना वेतन लागू नाही, असा नियम मी पुढे केला. सरकारी नोकरीत निरनिराळ्या कार्यालयांवर मी जेवढे लेखाआक्षेप काढले, त्या सर्वांहून भेदक आक्षेप त्यावर आला : “काम न करणाऱ्याला सरकार दरमहा निवृत्तिवेतन देते, आणि काम करणाऱ्याच्या नावावर तुम्ही शून्य मांडता?”

याला उत्तर कोणत्याही नियमपुस्तिकेत नाही. त्याच सायंकाळी तहनामा झाला. वसुलीचे अधिकार पूर्ववत कुटुंबाकडे राहिले. सोलणे, वाळवणे, पापुद्रे काढणे आणि गच्चीवरील चौकी हे चारही महाल माझ्याकडे लावून देण्यात आले. बचतीची रक्कम घटलेली नाही, पृथ्वीचेही काही बिघडलेले नाही आणि आस्थापना खर्चाच्या रकान्यात यंदाही शून्यच आहे. मात्र त्या शून्याच्या आत हल्ली मी बसलेला असतो, मांडीवर परात आणि परातीत पाच किलो मटार घेऊन.