हरवलेली गाय आणि एक लाख लुमेन

दिवेलागणीला गुरे गोठ्यात आली, मोजली आणि एक गाय कमी भरली, की कोकणातल्या घरात आधी बॅटरीवरून वाद होतो आणि मग गाय आठवते. हा वाद केवळ आवाजाच्या जोरावर न होता शास्त्रशुद्ध व्हावा, या हेतूने पुढील मार्गदर्शिका तयार केली आहे. गाय हा नमुना धरला आहे. म्हैस, रेडा, बांधावर विसरलेला कोयता किंवा गाय शोधायला गेलेले काका यांनाही ती योग्य त्या फेरफारासह लागू होईल.

१. हरवले काय, ते आधी ठरवावे

शोधायच्या वस्तू दोन प्रकारच्या असतात: लांब गेलेल्या आणि पायाशी असलेल्या. गाय पहिल्या प्रकारात मोडते. तिला लांब जाणारा झोत हवा. पहिल्या पावसात वहाळावर कुर्ल्या धरायला जाणाऱ्याला झोताचा उपयोग नाही. चार हातांवरचा दगड आणि त्याखालची नांगी दिसली की पुरे. त्याला पसरट उजेड हवा. फुरसे दोन्ही प्रकारांत बसते. ते शोधायला कोणी जात नाही, पण सापडते. म्हणून गायीसाठी निघालेल्यानेही अधूनमधून पायाशी उजेड पाडावा.

लाकडाच्या ढिगात विंचू शोधायचा असेल, तर नोटा तपासायची जांभळी बॅटरी घ्यावी. अतिनील किरणांत विंचू हिरवट चमकतो. एवढ्या स्वस्तात एवढे खरे काम करणारी दुसरी बॅटरी बाजारात नाही, म्हणूनच तिची कोणी जाहिरात करत नाही.

२. खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

बाजारात ‘१,००,००० लुमेन’ छापलेली बॅटरी चार-पाचशे रुपयांना मिळते. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण ७०० ते ८०० लुमेन असे. म्हणजे खोका खरा मानला, तर मुठीएवढ्या नळकांड्यात सव्वाशे बल्ब कोंबले आहेत. ती पेटवल्यावर गाय दिसेल की नाही ते सांगता येत नाही, पण हात नक्की भाजेल. गायीला ५०० ते १,००० खरे लुमेन रग्गड झाले.

लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा सगळा उजेड. तो एका दिशेला किती जोरात जातो, हे कँडेला सांगते. २००९ साली अमेरिकेत आलेल्या ‘एफएल-१’ या मानकाप्रमाणे उजेड जिथे ०.२५ लक्सवर उतरतो, तिथे बॅटरीचा पल्ला संपला असे धरतात. एवढा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याचा असतो. ‘पल्ला २०० मीटर’ याचा अर्थ २०० मीटरवर टिपूर चांदणे पडेल, एवढाच. त्या चांदण्यात पांढरी गाय दिसेल, तांबडी दिसल्यासारखी वाटेल आणि म्हैस दिसणार नाही. म्हैसवाल्यांनी छापील पल्ल्याचा निम्माच भाग हिशेबात धरावा. २०० मीटरला १०,००० कँडेला लागतात. ४०० मीटरला दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ४०,००० लागतात. हे गणित दुकानदारापुढे मांडू नये. तो ‘झूम आहे ना त्याला’ एवढेच म्हणतो आणि आपले गणित तिथेच संपते.

‘१० तास चालते’ याचाही अर्थ समजून घ्यावा. उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा काळ त्याच मानकात ‘चालण्याचा काळ’ म्हणून धरतात. तेव्हा दहावा तास बॅटरी पेटली आहे की विझली, हे बघण्यात जातो. शिवाय सर्वांत मोठ्या उजेडावर ठेवलेली बॅटरी काही मिनिटांत तापते आणि आपणहून मंदावते. मानक पाळणाऱ्या कंपन्यांची ही गोष्ट. न पाळणाऱ्यांच्या बॅटऱ्या खोक्यावर मात्र कायम लख्ख असतात.

३. सेल

चार्जिंगच्या बऱ्याच बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियमचा सेल असतो. हा लॉटरीचा नंबर नव्हे. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल नळीचा. या मापाच्या चांगल्या सेलात साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तास मावतात. ९,९०० छापलेला सेल दिसला, तर तो सराफाच्या काट्यावर ठेवून पाहावा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सराफ हसेल, पण सोने घेताना तोच आपल्याला हसतो, हे लक्षात ठेवावे.

मसाल्याच्या, म्हणजे चार्ज न होणाऱ्या, मोठ्या सेलांची बॅटरी हळूहळू पिवळी पडते आणि ‘आता घरी चला’ असे वेळेवर सुचवते. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत झकास चालते आणि सड्याच्या ऐन मधोमध एकाएकी मान टाकते. मसाल्याचे सेल मात्र वर्षभर आत ठेवू नयेत. गणपतीत झाकण उघडले, की आत पांढरी भुकटी आणि गंजलेली स्प्रिंग एवढाच ऐवज उरलेला असतो.

४. बटण

एकाच बटणात मोठा, मध्यम, बारीक, लुकलुकणारा आणि ‘एसओएस’ असे पाच प्रकार असलेली बॅटरी घेऊ नये. गाय दिसताच उजेड वाढवायला बटण दाबावे, तर बॅटरी लुकलुकू लागते. गाय बुजते आणि पलीकडच्या वाडीला वाटते, कोणाच्या तरी हळदीला डीजे आला. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड हा संकटाचा इशारा समुद्रावर मान्यता पावलेला आहे. वाडीत त्याचा अर्थ ‘बॅटरी बिघडली’ असाच घेतात.

५. धरावी कुठे

गायीच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, त्यामुळे अंधारात तिचे डोळे चमकतात. ही चमक आलेल्या वाटेनेच परत जाते. म्हणून बॅटरी आपल्या डोळ्यांजवळ धरावी. कमरेशी धरली तर चमक कमरेला दिसेल. गवतात निळसर हिरवे ठिपके लुकलुकले तर ते कोळी, पुढे चालावे. गायीसारखीच चमक बिबट्याच्याही डोळ्यांत असते. शंका आल्यास गायीला नावाने हाक मारावी. उत्तर आले नाही, तर पाठ न फिरवता सावकाश मागे सरावे. माणसाचे डोळे असे चमकत नाहीत, म्हणून काका सापडायला वेळ लागतो.

पायाशी शोधताना उलटे करावे. बॅटरी गुडघ्याच्या उंचीवर तिरपी धरावी, म्हणजे खुराच्या ठशात सावली पडते आणि ठसा उठून दिसतो. धुक्यात कपाळावरची बॅटरी लावू नये. सगळा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो आणि शोधणाऱ्याला फक्त आपण उजेडात आहोत, एवढेच कळते.

रानाच्या कडेने रात्री झोत फिरवणारा माणूस वनरक्षकाला गाय शोधणारा वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ‘ससा नव्हे, गाय’ हा खुलासाही तितकाच जुना. हातात दावे ठेवावे. पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि गाय सापडलीच तर बांधायलाही.

६. रंग

काळी, खरबरीत, फौजी दिसणारी बॅटरी हातातून निसटली, की गवतात शिरून काळी, खरबरीत आणि अदृश्य होते. पिवळी किंवा नारिंगी घ्यावी. नाहीतर रेडियमची पट्टी चिकटवावी. उरलेली पट्टी गायीच्या शिंगांना लावावी. मोकाट गुरांना गाड्यांनी ठोकू नये म्हणून अशा पट्ट्या लावतात. शिंगे चमकली, की निम्म्या लुमेनमध्ये काम भागते. ही सूचना बॅटरीच्या दुकानात बोलून दाखवू नये.

७. मंडळी

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. ‘कोण रे तो?’ म्हणत तोंडावर बॅटरी मारणारा ती क्षणात वाया घालवतो. असा एक माणूस प्रत्येक शोधपथकात असतो, आणि एक लाख लुमेनची बॅटरीही त्याचीच असते. त्याला वगळू नये, गावात राहायचे आहे. त्याला बॅटरीसह गोठ्याच्या दाराशी उभे करावे आणि झोत आभाळाकडे धरायला सांगावे. शोधणाऱ्यांना घर कुठे आहे ते कळत राहते. भरकटलेली गुरे पुष्कळदा आपल्या पायांनीच गोठ्यावर परततात, त्यामुळे गाय पहिल्यांदा दिसण्याचा मान बहुधा त्यालाच मिळतो. तो त्याला खुशाल घेऊ द्यावा. एकदा मान घेतला, की वाडीतल्या सगळ्या बॅटऱ्या चार्ज करून ठेवण्याचे काम त्याच्याच गळ्यात घालता येते.