पंचावन्न मिनिटांचा आहार

वजन कमी करून ते कमीच ठेवण्याच्या शास्त्रात महाराष्ट्रात दोन घराणी प्रमुख आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर उभे असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे घराणे कडक भूक लागल्यावर, दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगते. ऋजुता दिवेकरांनी 2009 च्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खायला सांगितले, तूपभातही चालतो. ठाण्याच्या कोपरीतल्या एखाद्या वन रूम किचनमध्ये सासूबाई पहिल्या आणि सूनबाई दुसऱ्या घराण्याच्या निघाल्या, की ओटा दिवसभर मोकळा होत नाही.

पहिल्या पद्धतीत 55 ही मर्यादा आहे. अनुयायी तिला उद्दिष्ट मानतात. आमटीभात, मग श्रीखंड, आणि घड्याळाकडे बघत चोपन्नाव्या मिनिटाला बेसनाचा लाडू. दुसरीत ‘थोडे’ म्हणजे किती, हे डबा भरणाऱ्याच्या मायेवर ठरते.

अमेरिकेत 811 जणांना दोन वर्षे चार वेगवेगळ्या आहारांवर ठेवले गेले. 2009 साली निष्कर्ष आला: घट साधारण सारखीच, सरासरी चार किलो. सल्ल्याच्या बैठकांना जे नेमाने आले, त्यांचे वजन अधिक उतरले. उतरलेले वजन टिकवणे मात्र अवघड, कारण शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आवरते.

ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला उतरल्यावर उभ्याउभ्या खाल्लेला वडापाव कोणत्याच घराण्याचे अनुयायी हिशेबात धरत नाहीत.