मुक्काम पोस्ट चामखीळ

आमच्या अंबाजोगाईत परलोकाची माहिती मुबलक. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके 1110 चा मानतात. दासोपंतांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा. तेवढ्यानं भागेना म्हणून की काय, त्यांनी 40 फूट लांब नि 4 फूट रुंद पासोडीही लिहून काढली. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणे. अशा गावात वाढलेल्या माणसाला रद्दीच्या दुकानात स्वर्गावरचं पातळसं इंग्रजी पुस्तक सापडलं, तर ते अपुरंच वाटणार. दुकानदारानं ते वेगळं तोललंसुद्धा नाही. जुन्या गाइडांच्या गठ्ठ्यावर तसंच टाकून दिलं.

लेखक मार्क ट्वेन. कुंपण रंगवणाऱ्या टॉमचा बाप, एवढीच माझी ओळख. म्हातारा इतका वात्रट असेल असं वाटलं नव्हतं. त्याचा कॅप्टन स्टॉर्मफील्ड मरतो, वाटेत धूमकेतूशी शर्यत लावतो आणि स्वर्गाच्या भलत्याच दारात पोचतो. कारकून विचारतो, कुठून आलात? सॅन फ्रान्सिस्को. ठाऊक नाही. अमेरिका. नाही. पृथ्वी? मग एक जण फुग्यात बसून अवाढव्य नकाशा धुंडाळतो. सूर्यमाला सापडल्यासारखी वाटते, पण ती माशीची घाणही असू शकते! शेवटी निघतं ते असं, की आपल्या पृथ्वीला तिथं ‘चामखीळ’ म्हणतात.

इथं मी पुस्तक मिटून एकटाच हसत बसलो. पुण्यात माझं नेमकं हेच झालं होतं.

“गाव?”

“अंबाजोगाई.”

“म्हणजे परभणीकडे?”

“बीड जिल्हा.”

“अच्छा, योगेश्वरी! अहो, आमची कुलदेवता. रेल्वेनं येता येतं ना?”

नाही येत. परळीला नाहीतर घाटनांदूरला उतरायचं आणि पुढं एसटी. 1896 च्या जानेवारीत ट्वेन मुंबईत भाषणं देऊन गेला, इकडं फिरकला नाही. त्याला तरी काय बोलणार?

स्वर्गाच्या या पुस्तकाचं हस्तलिखित त्यानं सुमारे 40 वर्षं दाबून ठेवलं होतं. पुस्तक निघालं 1909 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी लेखक खात्री करायला जातीनं गेला.

वीणा, पंख, प्रभावळ घेऊन ढगावर गात बसायला निघालेले लोक त्याच्या स्वर्गात लवकरच कंटाळतात. “जरा धरता का?” म्हणून वीणा दुसऱ्याच्या हाती देतात आणि पसार होतात. सप्ताहात पहाटेच्या पहाऱ्याला माझ्या गळ्यात असाच वीणा पडला होता. देणारे गृहस्थ चहाला गेले ते उजाडल्यावर आले.

“काय हसूलालास रे एकटाच?” आजीनं विचारलं.

“स्वर्गाचं पुस्तक हाय, आजी. तिथं म्हणं पायजे ते वय घेता येतं. तू घेशील का पंचविशीचं?”

आजीनं वातीचा कापूस खाली ठेवला. बराच वेळ विचार केला.

“नगं बाबा,” ती म्हणाली. “सासू तिथं आधीच जाऊन बसलीय. पुन्हा पाणी भराया लावंल.”