बाबांचं पाचवं धरण

रेडवुड सिटी, कॅलिफोर्निया
आषाढ, तुमच्याकडे पाऊस, आमच्याकडे रणरणतं ऊन

ती. बाबा आणि आई,


व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर बाबा न वाचता आत्याला ढकलतात आणि कागदावर आलेला मजकूर तारीख टाकून फायलीला लावतात. म्हणून हे पत्र. बाबा, आवक क्रमांक टाकून झाला की पुढे वाचा.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांच्यानंतर आपल्या हॉलमध्ये शोकेसशेजारी पाचवं धरण बांधल्याबद्दल अभिनंदन. त्या चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी. तुमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर ५६ लिटर, आणि गोटे नि वरची रिकामी जागा वजा केली तर पन्नासही नाही. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला एवढंसं पाणी काय जड, असं तुम्हाला वाटलं असणार. पण शेजारच्या काकांच्या वास्तूच्या हिशेबाने आणलेल्या आठ सोनेरी आणि एका काळ्या माशापैकी आता चारच उरलेत, पाणी दुधट झालंय आणि बाबा कुणाशी बोलत नाहीत, असं आई फोनवर म्हणाली. (काळा मासा जिवंत आहे, त्यामुळे काका म्हणतात वास्तू बरोबर आहे. काकांना यापुढे हॉलमध्ये चहा देऊ नका, स्वयंपाकघरात द्या.)

बाबा, तुम्ही जन्मभर पाणी किती आहे ते मोजलंत. इथे पाण्यात काय आहे ते मोजायचंय, आणि ते दिसत नाही. तुम्ही पेल्यात पाणी घेऊन उजेडाला धरता, ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पेला स्वच्छ दिसला म्हणून पाणी चांगलं असं नसतं, आणि दुधट दिसलं म्हणून विषारी असंही नसतं. नव्या टाकीत जंतू भराभर वाढले की पाणी दुधट होतं आणि बहुतेक वेळा काही दिवसांनी आपोआप निवळतं. मासे मेले ते अमोनियाने. मासा अमोनिया सोडतो तो मुख्यतः कल्ल्यांतून, आणि न खाल्लेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. त्याला रंग नाही, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

हा अमोनिया संपवायला टाकीत दोन खाती लागतात. पहिल्या खात्यातले जिवाणू, नायट्रोसोमोनास वगैरे, अमोनियाचं नायट्राइट करून फाइल पुढे पाठवतात. दुसरं खातं, म्हणजे नायट्रोस्पायरा, त्याचं नायट्रेट करतं, आणि नायट्रेट माशांना बरंच सोसतं. पंचाईत अशी की पहिल्या खात्याची भरती आधी होते आणि दुसऱ्याची मागाहून. मधल्या काळात नायट्राइट टेबलावर साचून राहतं, आणि तेही विषारीच. दोन्ही खाती पूर्ण भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सरकारी भरतीच्या मानाने हा वेग तुम्हाला अविश्वसनीय वाटेल, पण तेवढं थांबावंच लागतं.

आणि ही सगळी मंडळी पाण्यात पोहत नसतात. ती फिल्टरच्या स्पंजला आणि गोट्यांना चिकटून बसलेली असतात. तुम्ही दर रविवारी टाकी मोकळी करून गोटे उकळत्या पाण्याने धुता आणि स्पंज नळाखाली पिळता, म्हणजे दर रविवारी सगळा कर्मचारीवर्ग बडतर्फ करता. सोमवारी पुन्हा शून्यापासून भरती. आईचा तुमच्या स्वच्छतेवर जुना राग आहे, पण या एका बाबतीत मी तिच्या बाजूने आहे. स्पंज फारच गाळाने भरला तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच खळबळून घ्या. गोट्यांना हात लावू नका.

भरती लवकर व्हावी असा एक मार्ग आहे. तिसऱ्या मजल्यावरच्यांची टाकी कितीतरी वर्षं चालू आहे. त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला, तर अनुभवी माणसं आयती बदलून येतील. पार्किंगच्या भांडणामुळे तुम्ही त्यांच्याकडे जाणार नाही हे मला ठाऊक आहे. आई, तू जा. तुकडा ओला ठेव आणि लगेच टाकीत घाल.

आता नळाचं पाणी. महापालिका त्यात क्लोरीन घालते म्हणून तुम्ही ठणठणीत आहात, पण तोच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि आपली दोन्ही खाती मारतो. बादली एक दिवस उघडी ठेवली की तो बराचसा उडून जातो. घाई असेल तर माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन मिळतं. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, मामाच्या डार्करूममध्ये असायचा तोच हायपो. तुमच्या जावयाने तुम्हाला सांगितलेला महागडा बाटलीतला द्रव मात्र मागवू नका. आमच्याकडे पाणी योसेमिटीतल्या हेच हेची धरणातून अडीचशेहून जास्त किलोमीटर नुसत्या उतारावर वाहत येतं (बाबा, एकही पंप न लावता, हे वाचून तुमचे डोळे पाणावतील), पण २००४ पासून त्यात क्लोरामाइन घालतात, आणि ते बादली दिवसभर उघडी ठेवली तरी उडून जात नाही. तो द्रव त्यावरचा उपाय आहे. इकडचं औषध तिकडच्या दुखण्याला नको.

तुमच्याकडे सांभाळायचं ते वेगळंच. गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा कमी दाबाने पाणीपुरवठा, ही बातमी वाचली की शुक्रवारी टाकीच्या वाटेला जाऊ नका. पहिलं पाणी गढूळ येतं, आणि पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ असलं की क्लोरीनचा वासही जास्त येतो. सोसायटीने टँकर किंवा बोअरचं पाणी घेतलं असेल त्या दिवशीही नको. ते जड असतं, आणि एकदम बदल झाला की मासे गांगरतात. शनिवारी शांतपणे बदला.

किती बदलायचं? अमोनिया दिसत असेतोवर रोज पाव टाकी, म्हणजे बारा लिटर, जेमतेम एक बादली. टाकी स्थिरावली की आठवड्याला एकदा. यावर तुम्ही विचाराल की निसर्गात माशांचं पाणी कोण बदलतं. नदी बदलते, बाबा. वाहती असेल तर. १८३९ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका महसीर माशाचं शास्त्रीय वर्णन छापलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्याच मुठेत आपण काय सोडतो आणि त्यात किती पाणी मिसळतो, ते लकडी पुलावर उभं राहून नाक न दाबता सांगा. त्या पाण्याला पेला लावून बघायचीही गरज नाही.

आई, आता तुझी पाळी. मासे काचेला तोंड लावतात म्हणजे त्यांना भूक लागली असं नाही. मासा दिवसभर असाच वागतो, आपल्या गल्लीतल्या जोशीकाकूंच्या मांजरीसुद्धा असंच करतात आणि त्या किती जाड आहेत बघ. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घाल. पोळीचा चुरा बंद, एकादशीचा भगर तर नकोच. आणि नऊचा आकडा पुरा करायला नवे मासे आणू देऊ नकोस. गोल्डफिश वीतभर वाढतो, त्या टाकीत चारसुद्धा जास्तच आहेत.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नकोस. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खत, गॅलरीतल्या तुळशीला आणि कढीलिंबाला घाल. बाबांना पाणी बदलायचा कंटाळा आला तर कुंड्या सुकल्यात म्हणून तगादा लाव, तुझं ऐकतात.

माझ्या मैत्रिणीची नणंद गणपतीला येतेय. तिच्या बॅगेत चॉकलेटांखाली एक टेस्ट किट आहे. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब घालायचे आणि रंग पाहायचा. अमोनिया पिवळा म्हणजे शून्य, हिरवा होत गेला की वाढला. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा घरात रंग सगळ्यात चांगले त्यांनाच दिसतात. आकडे वहीत लिहा. तुमची नात दर रविवारी व्हिडिओवर ती वही तपासणार आहे, आणि ती तुमच्या चीफ इंजिनिअरपेक्षा कडक आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. वीज गेली की फिल्टर बंद पडतो, आणि प्राणवायू मिळाला नाही की त्यातली भरती काही तासांत गुदमरायला लागते. इन्व्हर्टरवर टीव्हीऐवजी फिल्टर जोडा. मॅचचा स्कोअर मी फोनवर सांगेन.